अर्धा ठेवलेला भाव

को-ओमोते म्हणजे जपानच्या नोह नाट्यातला कोवळ्या तरुणीचा मुखवटा. गोरा, गोबरा चेहरा, कपाळावर उंच रेखलेल्या भुवया, काळे केलेले दात, किंचित विलग ओठ. हसतेय म्हणावं तर हसू नाही, रुसलीय म्हणावं तर रुसवा नाही. कोरणाऱ्यानं काम अर्ध्यावर टाकलं की काय, अशी शंका येते.

टाकलंच आहे, आणि जाणूनबुजून. हिनोकीच्या लाकडातून चेहरा काढायचा, शिंपल्यांची पूड सरसात कालवून थरावर थर द्यायचे, घासायचे, रंगवायचे. एवढ्या खटाटोपानंतरही आनंद किंवा शोक यांतलं काहीच पक्कं करायचं नाही. मग रंगमंचावर नट मुखवटा जरासा वर उचलतो आणि उजेडानं चेहरा खुलतो. जरासा झुकवतो, तर डोळ्यांत सावली उतरते आणि तीच मुलगी रडवेली होते.

कारागीर आपलं नवेपणही सोडतो. जुन्या नामांकित मुखवट्याची प्रत करताना त्यावरचे ओरखडे आणि उडालेला रंगसुद्धा तो इमानानं उतरवतो. नट तर नजरच देऊन बसतो. आरशाच्या खोलीत मुखवट्याला वंदन करून तो चढवायचा. बुबुळांची भोकं इतकी बारीक, की रंगमंचाच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या अंदाजानं पावलं टाकावी लागतात. मुखवटा लहान, त्यामुळे खालून पुरुषाची हनुवटी दिसत राहते. ती लपवायची धडपड कुणी करत नाही.

सोळाव्या शतकात जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी या कलेच्या नादी लागला. त्याला काहीच सोडायचं नव्हतं. स्वतःच्या पराक्रमांवर नाटकं लिहवून घेऊन त्यांत तो स्वतःच उभा राहिला. तात्सुएमोन नावाच्या कारागिरानं कोरलेले तीन को-ओमोते त्याच्याकडे होते, असं परंपरा सांगते. हिम, चंद्र आणि फूल ही त्यांची नावं. 1615 मध्ये त्याच्या घराण्याचा ओसाकाचा किल्ला पडला, घराणं संपलं. हिम आणि फूल आजही जपून ठेवलेले आहेत. चंद्राचा पत्ता नाही.

राहता राहिला प्रेक्षक. त्यालाही फुकट काही मिळत नाही. लाकडानं राखून ठेवलेला भाव त्यानं आपल्या पदरचं सुखदुःख घालून पुरा करायचा. म्हणूनच एकाच प्रयोगाला शेजारी बसलेले दोघे दोन वेगळ्या मुली पाहून घरी जातात, आणि दोघांचंही खरं असतं.