दहा, नऊ, आठ

परदेशात राहून रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणे आणि त्यात आयुष्याची कृतार्थता लाभणे, ही गोष्ट मराठी वाचकाला बहुधा बाहेरून येथे आलेल्या मिशनऱ्यांच्या चरित्रांतून ठाऊक असते. मुंबईत घडलेली कामाची रीत परदेशात नेणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांच्या उलट दिशेच्या प्रवासाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. लासलगावात राहणाऱ्याने तो समजून घ्यावा, याला खास कारण आहे. कांद्याच्या बाजारपेठेमुळे या गावाला परदेश परका नाही, आणि मुंबई-भुसावळ लोहमार्गावर वसल्यामुळे घर सोडून मुंबईकडे निघालेल्या मुलांच्या वाटेवरही हे गाव येते.

‘रस्त्यावरची मुले’ या एका नावाखाली वेगवेगळ्या स्थितींतील मुले मोडतात. दिवसभर रस्त्यावर राबून रात्री घरी परतणारी मुले, कुटुंबासह फुटपाथवरच राहणारी मुले आणि घराशी संबंध तुटून स्थानके व फलाट हाच आसरा झालेली मुले, असे तीन प्रकार अभ्यासक सामान्यतः मानतात. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईचे शाळा सुटलेले मूल आज यांपैकी कशातच बसत नसेल. परंतु घरात मारहाण वाढली किंवा कमावते माणूस गेले, तर त्याला फलाटापर्यंत पोहोचायला एक तिकीटही लागत नाही. या तिसऱ्या प्रकारातील मुलाची खरी अडचण अशी की, ते आजारी पडले तर त्याच्या वतीने बोलणारे मोठे माणूस कोणीच नसते.

बिलिमोरिया यांच्या कामाचा उगम नेमक्या या अडचणीत आहे. १९६५ साली मुंबईत जन्मलेल्या बिलिमोरिया यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच अध्यापन केले. मुलांच्या रात्रनिवाऱ्यांना भेटी देत असताना अडीनडीला उपयोगी पडावा म्हणून त्या आपल्या घरचा दूरध्वनी क्रमांक मुलांना देत, आणि मग कोणी जखमी झाले, कोणाला पोलिसांनी धरले, कोणाला रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही, अशा निरोपांनी रात्री-अपरात्री त्यांचा दूरध्वनी वाजू लागे. एका घरचा दूरध्वनी सगळ्या शहराला पुरणार नाही, हे ओळखून संस्थेने १९९६ मध्ये ‘चाइल्डलाइन’ हा प्रायोगिक उपक्रम मुंबईत सुरू केला. कोणत्याही सार्वजनिक दूरध्वनीवरून पैसे न टाकता लावता येईल असा १०९८ हा क्रमांक त्याला मिळाला. ‘दहा, नऊ, आठ’ हा उतरता क्रम अक्षरओळख नसलेल्या मुलालाही लक्षात राहतो. क्रमांकाचे हे नाव मुलांनीच सुचवलेले होते. रस्त्यावर वाढलेले तरुणच दूरध्वनी घेत आणि हाकेला धावून जात, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची बाब म्हणावी लागेल, कारण भुकेल्या मुलाचे अर्धवट वाक्य पुरे करायला तो अनुभवच लागतो.

२००३ साली त्यांनी ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ हे देशोदेशींच्या बाल-हेल्पलाइनांचे जाळे उभारले, ज्याचे केंद्र नेदरलँड्समधील अॅमस्टरडॅम येथे आहे. त्यानंतर तेथूनच ‘अफलातून’ ही संस्था आकाराला आली. मुलांना स्वतःचे हक्क, बचत आणि पैशाचा विनियोग शिकवणे हे तिचे काम असून त्याची पूर्वतयारी १९९१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘मेलजोल’मध्ये झाली होती. परदेशातील हे काम मुलांपासून दूर, बैठकांच्या मेजावर चालते, असा आक्षेप घेता येईल, आणि मुलाचा हात प्रत्यक्ष हातात घेण्याचे समाधान त्यात नाही, हे मान्यही करावे लागेल. तरीही या कामाची कृतार्थता अधिक खोल मानली पाहिजे, कारण जिला आपल्या कर्त्याची गरज उरलेली नाही अशी व्यवस्था त्यातून निर्माण झाली. १०९८ फिरवणाऱ्या मुलाला बिलिमोरिया हे नाव ठाऊक असण्याची आवश्यकताच नाही. सेवेच्या बदल्यात मुलाकडून कृतज्ञतेची अपेक्षा नकळत बाळगली जाते, आणि दयेच्या पोटी उभ्या राहिलेल्या अनेक कामांत तेथेच कीड लागते. दूरध्वनी क्रमांकाचे कोणाला आभार मानावे लागत नाहीत.

हा क्रमांक पुढे देशभर पसरला, रेल्वे स्थानकांवर मदत-कक्ष आले आणि २०२३ पासून त्याचे संचालन केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली शासकीय यंत्रणेकडे गेले. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या हिताचा निर्णय करणाऱ्या जिल्हास्तरीय अधिकृत मंडळापुढे, हजर करावे लागते. कायदा आणि क्रमांक दोन्ही हाताशी आहेत, पण पहिली हाक कोणी तरी द्यावीच लागते. लासलगाव, निफाड किंवा मनमाडच्या फलाटावर एकटे, भेदरलेले मूल दिसले, तर त्याच्या हातावर दहा रुपये ठेवून गाडी गाठण्याऐवजी वाचकाने १०९८ हा क्रमांक लावावा आणि मदत पोहोचेपर्यंत त्या मुलाशेजारी थांबावे.