पानावर वाढताना

‘पान’ या शब्दाची मराठीत मोठी गंमत आहे. पुस्तकाला पान, विड्याला पान, आणि ‘पाने वाढली’ असे कानी आले की पंगतीला भूक लागलीच! झाड मात्र मुळाने जेवते, असे आपण शाळेत घोकलेले असते. ते पुरते खरे नाही. झाडाच्याही पानावर वाढता येते, हे मला दादांच्या टोमॅटोच्या वावरात कळले.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. आम्ही पुस्तकांची पाने उलटतो. ते जुन्नरकडे शेती पाहतात. जमीन काळी, पण चुनखडीची. गेल्या वर्षी रोपांचे शेंडे पिवळे पडले. दुकानदाराने ठरलेले औषध सांगितले : आणखी युरिया! एक पोते झाले, दुसरे झाले. शेंडे पिवळे ते पिवळेच. वहिनींच्या पाटल्या पुन्हा पतपेढीच्या वाटेला लागतात की काय, अशी वेळ आली.

अखेर गावातल्याच एका कृषिपदवीधर तरुणाने रोप नीट न्याहाळले. खालची जुनी पाने हिरवी. वरची कोवळी पिवळी, आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्यागार. नत्र कमी पडले तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देते. म्हणजे पिवळेपणा खालून सुरू व्हायचा. लोह मात्र एकदा ज्या पानात बसले तिथून सहसा हलत नाही. उपाशी राहते ते नवे पान! मातीत लोह नव्हते असे नाही. पण चुनखडीत ते विरघळेल तर ना? आमटीत मीठच पडले नसेल, तर डाळ दुप्पट शिजवून काय उपयोग? वाढ खुंटलेल्या झाडाला न पचलेले नत्र पाण्याबरोबर झिरपते, ते थेट विहिरीकडे.

उपाय निघाला हिराकस. हिरडा-हिराकसाची शाई ऐकून असल्यामुळे मला हा शब्द घरचाच वाटला. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, जोडीला १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, आणि कलत्या उन्हात पानांच्या दोन्ही अंगांना बारीक फवारा. फ्रान्समध्ये एझेब ग्री यांनी १८४३-४४ मध्ये पिवळ्या पानांना लोहाचे क्षार लावून हीच किमया केली होती. पुढे १९५० नंतर मिशिगनमध्ये ट्यूकी आणि विटवर यांनी किरणोत्सर्गी द्रव्ये पानांवर लावून ती झाडात कशी हिंडतात, हे मोजूनच दाखवले.

दहा-दहा दिवसांनी तीन फवारे झाले. नवे शेंडे हिरवे आले आणि युरियाचे तिसरे पोते दुकानातच राहिले. दुकानदार हुशार, आता सगळेच खत पानांतून द्या म्हणू लागला! दादांनी ते ऐकले नाही. पान म्हणजे काही परात नव्हे. चिमटीत मावेल तेवढेच तिथे वाढावे. जास्त झाले तर पानच करपते. पोत्याने लागणारे खत मुळाशीच हवे.

हे सारे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी गॅलरीतला कढीलिंब तपासला. तोही पिवळा आहे, पण खालून. तेव्हा तूर्त शेणखतावर भागेल, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.