चाकांवरचे घर, मांडीवरची गोधडी

मुलांकडे शिकागोला गेलेले आपल्याकडचे आईवडील बहुधा नायगारा आणि न्यूयॉर्क पाहून परततात. त्यांना मी आणखी एक ठिकाण सुचवीन. शिकागोहून पूर्वेला मोटारीने सुमारे दोन तास गेले, की इंडियाना राज्यातील एल्कार्ट परगणा लागतो. येथे डोंगर नाही, समुद्र नाही; मका आणि सोयाबीनची सपाट शेते दूरवर पसरलेली. तरीही चाकांवर चालणारे घर आणि हाताने शिवलेली गोधडी या दोन्ही गोष्टी एकाच मातीत पाहायच्या, तर यासारखे दुसरे ठिकाण मला ठाऊक नाही.

अमेरिकेत ज्यांना ‘आरव्ही’ म्हणतात, ती फिरती घरे बहुसंख्येने याच भागात तयार होतात. ओटा, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, सारे काही एका गाडीत. एल्कार्टच्या संग्रहालयात १९१३ सालचा एक लाकडी फिरता निवारा जपून ठेवला आहे; तो फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीमागे ओढला जाई. आजच्या गाड्यांपुढे तो खेळण्यासारखा दिसतो. पण घर सोडायचे नाही आणि जगही पाहायचे, ही माणसाची जुनी हौस त्यात पुरती उतरलेली आहे.

या कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये आमिश पंथाचे लोक पुष्कळ आहेत. हे लोक स्वतः मोटार बाळगत नाहीत. घोड्याच्या बग्गीतून फिरतात. जे हात दिवसा इतरांसाठी फिरती घरे बांधतात, ते संध्याकाळी बग्गीचा लगाम धरतात, हे दृश्य या परगण्यातच दिसावे.

आणि याच आमिश घरांतून ‘क्विल्ट’ शिवल्या जातात. एल्कार्टपासून अर्ध्यापाऊण तासावर शिपशेवाना नावाचे छोटे गाव आहे; तेथील दुकानांत त्या मांडलेल्या दिसतात. मेअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या भागात गोधडीच्या नक्षीप्रमाणे फुलांचे वाफेही लावलेले असतात. क्विल्ट पाहताच आपल्याला आजीची गोधडी आठवते आणि ते योग्यच आहे. वरचा जोडकामाचा थर, मधला कापसाचा, खालचे अस्तर आणि तिन्हींना धरून ठेवणारा धावदोरा. फरक एवढाच, की आपल्याकडे जुनी लुगडी-धोतरे जमिनीवर अंथरून, त्यांवर बसून गोधडी घालतात. तेथे ती लाकडी चौकटीवर ताणतात आणि चारी बाजूंनी बायका शिवायला बसतात. ‘लॉग केबिन’ या नक्षीत मधला तुकडा पुष्कळदा लाल असतो. तो घराची चूल मानतात. भोवतीच्या पट्ट्या म्हणजे भिंती.

एक वही, दोन माणसे

एका संध्याकाळी अशा फिरत्या घरांच्या तळावर सत्तरी ओलांडलेले एक जोडपे भेटले. वर्षातील सहा महिने ते रस्त्यावर असतात. पती गाडीची निगा राखतात, पत्नी क्विल्ट शिवतात. त्या गृहस्थांची वही पाहून मी थक्क झालो. टायरमधील हवा, छताच्या सांध्यांवरील लुकण, बॅटरीचे पाणी, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्याचा दिवस, साऱ्याच्या नोंदी तारखेनिशी.

पत्नी शिवण आटोपल्यावर गाडीच्या फरशीवरून एक लोहचुंबक फिरवीत होत्या. कारण विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “यांच्या तळव्यात एकदा टाचणी रुतली होती. अख्खी संध्याकाळ हे तसेच हिंडले, कळलेच नाही!”

मला मात्र हसू आले नाही. त्या गृहस्थांना वीस वर्षांपासून मधुमेह होता. पायाला टाचणी कळत नसेल, तर ब्रेकवर आपण किती जोर देतो आहोत, हे तरी कसे कळावे? आणि पायाखाली काही टन वजनाचे घर धावते आहे. तेथे वैद्यकी करण्याचा परवाना मला नाही. म्हणून एवढेच म्हणालो, की आपल्या डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या आणि तोवर चाक यांच्या हाती द्या. ते बराच वेळ गप्प राहिले. गाडी चालवणे सोडायचे, म्हणजे त्यांच्या लेखी अर्धे आयुष्य सोडण्यासारखे होते. मग त्यांनी वही उघडली आणि टायरच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली: ‘पाय, रोज रात्री.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तळावरून निघाली, तेव्हा चालकाच्या आसनावर पत्नी होत्या.

चाकांवरच्या घराचे आरोग्य

आपल्याकडेही आता अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. येथे वा तेथे, कोठेही प्रवास करा; पण पुढील गोष्टींकडे दुर्लक्ष करू नका.

*पाणी.* बराच काळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतील पाणी तसेच पिऊ नये. तेथील प्रघात असा: १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पाण्याला पाव कप बिनवासाचे घरगुती ब्लीच घालतात, ते सर्व नळांतून खेळवतात, किमान चार तास राहू देतात आणि मग वास जाईपर्यंत टाकी धुतात. पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याकडे वापरायची नळी नेहमी वेगवेगळी ठेवावी.

*वायू.* गॅसची शेगडी, हीटर वा जनरेटर यांतून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर तो थकवा समजू नका. सर्वांना ताबडतोब बाहेर काढा आणि वैद्यकीय मदत घ्या. गाडीतील सूचक यंत्राची कळ दाबून ते चालू असल्याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्या.

*औषधे.* गॅसवर चालणारा फ्रीज गाडी सपाट जागी नसेल तर नीट थंड होत नाही. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून फ्रीजमध्ये एक छोटा तापमापक ठेवा. गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

*बैठक.* दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला. सलग बसल्याने पायांतील शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. एका पोटरीत सूज आणि वेदना आल्यास चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

*शिवण.* शिवणकामाने मन निवते, हे मी माझ्या रुग्णांतही पाहिले आहे. निवृत्तीनंतरचा रिकामेपणा हातातल्या कामाने सुसह्य होतो. मात्र काम मांडीवरच्या उशीवर घ्या, म्हणजे मान वाकणार नाही. प्रकाश खांद्यामागून येऊ द्या. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरच्या झाडाकडे पाहा. धावत्या गाडीत सुई-कात्री हाती धरू नका. शिवणापूर्वी सुया मोजा, नंतरही मोजा.

मधुमेह असलेल्या वाचकांना शेवटी एकच विनंती. चाकांवरच्या घरात काय किंवा आपल्या दोन खोल्यांत काय, अनवाणी फिरू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी तळपायांखाली आरसा धरा आणि बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहा. नजर अधू असेल, तर घरच्या कोणाला तरी पाहायला सांगा. कापले, फोड आला किंवा काही रुतलेले दिसले, तर सकाळीच दवाखान्यात या.