कोको, झेंडू आणि फोटो नसलेली माणसं

ॲनिमेशनचा सिनेमा म्हणजे पोरांचं काम, असं आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत अजून सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या गावच्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, तिथल्या लोकांनी तरी कॅमेऱ्याच्या जादूला पोरखेळ म्हणू नये. कल्पनेतल्या गोष्टीला मी एकच कसोटी लावते. तिनं स्वतः घातलेले नियम ती शेवटपर्यंत निभावते का?

पिक्सारचा २०१७ चा 'कोको' नातवाबरोबर तीनदा पाहून झाला. मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची गोष्ट. घरात पूर्वजांचे फोटो मांडायचे, दिवे लावायचे, त्यांच्या आवडीचं खायला ठेवायचं. आपला पितृपक्षच की! झेंडूच्या पाकळ्यांच्या पुलावरून पितर घरी येतात. झेंडू (आमच्या इथे बाजारात गलगोटा) मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला आपण दारावर लावतो तो पाहुणा आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

आता नियम. घरी फोटो मांडलेला असेल तरच पितराला पूल ओलांडता येतो. आणि जिवंतांपैकी आठवण ठेवणारं शेवटचं माणूस गेलं, की मेलेला दुसऱ्यांदा, कायमचा नाहीसा होतो. हेक्टरचा तो म्हातारा दोस्त गाणं ऐकता ऐकता विरून जातो, तिथे मी तिन्ही वेळा डोळे पुसलेत.

पण मग सिनेमा स्वतःच कच खातो. परलोकात नामवंत गायक महालात राहतो आणि विसरले गेलेले झोपडपट्टीत, एकमेकांना काका-मामा म्हणत. केवढा मोठा प्रश्न मांडलाय! शेवटी मात्र हेक्टरचा फोटो मिळतो, तो सुटतो, आणि झोपडपट्टीचं पुढे काय, ते कोणी विचारतच नाही. त्यातून विषप्रयोग काढला, आणि खलनायक चालू कॅमेऱ्यासमोर आपली पापं बोलून दाखवतो. ही युक्ती त्यांनी 'मॉन्स्टर्स, इंक.'मध्ये २००१ लाच वापरली होती.

माझं खरं भांडण फोटोशी आहे. कॅमेरा यायच्या आधी मेले ते कसे येणार? ज्यांना फोटो काढणं परवडलं नाही ते? नातवानंच विचारलं, "आजी, खापरपणजीचा फोटो क्यां छे?" नाही बाळा. आजेसासऱ्यांचा आहे, पगडी घातलेला, दिवाणखान्यात. आजेसासूबाईंचा एकही नाही.

मी त्याला ऐटीत सांगितलं, आपल्याकडे फोटो लागत नाही, नाव लागतं. तर्पणाला तीन पिढ्यांची नावं घेतात, बायकांचीही. आजोबा दरवर्षी त्यांचं नाव घेतात. त्यावर तो म्हणाला, "पण ते तर लग्नानंतरचं नाव ना? त्याच्या आधी काय म्हणायचे?"

घ्या! नऊ वर्षांचं पोर. लग्नात बायकोचं नाव बदलायची आपली रीत, तिची अशी वसुली होईल असं वाटलं नव्हतं. म्हणजे तेरा-चौदा वर्षं ज्या नावानं ती मुलगी हाकेला ओ देत होती, ते नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. सिनेमाच्या हिशेबानं ती मुलगी केव्हाच विरून गेली.

इंदूरच्या आत्यांना फोन केला. त्यांचं वय नव्वदीच्या पुढे. म्हणाल्या, "माहेर वाईकडचं होतं, अगं. नाव आई कधीतरी बोलली असेल, पण आम्ही विचारलंच नाही. त्यांना सगळे काकूच म्हणायचे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पायलीभर पुरण एकटी वाटायची, एवढं लिही."

लिहिलं. नातवानं वहीच्या एका पानावर कुटुंबाचं झाड काढलंय. खापरपणजीच्या चौकटीत लग्नानंतरचं नाव, पुरण, वाई, आणि वरच्या बाजूला एक मोकळी ओळ.

तुमच्यापैकी कुणाकडे पणजीचं माहेरचं नाव आहे का? असेल तर खाली लिहा, गावासकट.