अंगणातील पक्षी: पाहणे आणि सांगणे

'अंगणातील पक्षी' हा पक्षिशास्त्रातील वर्ग नव्हे. कुंपणाची मेंदी, परसातील जास्वंद, शेवगा किंवा सदनिकेच्या गॅलरीतील कुंड्या यांच्या आश्रयाने जे पक्षी माणसाच्या वस्तीलगत चरतात आणि घरटी बांधतात, त्यांना सोयीसाठी दिलेले ते नाव आहे. बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंजीर, सातभाई हे सारे रोज दिसतात, आणि म्हणूनच बहुधा नीट पाहिले जात नाहीत.

कोकिळेचे उदाहरण बोलके आहे. गोड गळ्याच्या गायिकेला मराठीने 'गानकोकिळा' म्हटले असले, तरी 'कुहू' अशी चढत जाणारी साद घालतो तो नर. तो काळाभोर आणि लाल डोळ्यांचा असतो, तर मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असून तिचा आवाज तुटक व तीक्ष्ण असतो. नर-मादीच्या रूपातील अशा फरकाला 'लैंगिक द्विरूपता' म्हणतात, आणि ती ठाऊक नसल्यामुळे ही जोडी अनेकांना दोन वेगळ्या जातींची वाटते. मादीच गाते हा घरात बसून केवळ आवाज ऐकणाऱ्याचा समज, समोरच्या गच्चीवरून तोच पक्षी साद घालताना पाहणारा शेजारी सहज दूर करू शकतो.

शिंपी हा पक्षी तर डोळ्यांपेक्षा कानांना आधी सापडतो, कारण जेमतेम वितीच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या या जिवाचा आवाज साऱ्या परसात घुमतो. रुंद पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कापसाचे किंवा कोळिष्टकाचे धागे ओवायचे, बाहेर आलेले टोक पिंजून फुगले की टाका सुटत नाही, आणि अशा रीतीने शिवलेल्या द्रोणात मऊ कापसाचे अस्तर घालायचे, ही त्याची कारागिरी होय. पान झाडावर हिरवेच राहत असल्यामुळे घरटे उठून दिसत नाही; ते सापडल्यास दुरूनच पाहावे आणि पानाला हात लावू नये, कारण वारंवारच्या वर्दळीने पक्षी घरटे सोडून देण्याची भीती असते.

पाहिलेले सांगण्याने आनंद वाढतो, तसे ज्ञानही वाढते. भारतातील सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांनी ईबर्ड या संगणकीय नोंदवहीत केलेल्या 3 कोटी नोंदींच्या आधारे 2023 मध्ये देशातील 942 जातींची स्थिती मांडणारा अहवाल तयार झाला. 'चिमण्या नाहीशा झाल्या' ही सार्वत्रिक हळहळ मोठ्या शहरांपुरती खरी असली, तरी देशभरात त्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे, हे अशाच नोंदींवर आधारलेल्या 2020 च्या अहवालाने दाखवले. एका अंगणाचा अनुभव कितीही खरा असला, तरी त्यावरून देशाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, तो अनेक अंगणे एकत्र मांडल्यावरच निघतो. नोंदीसाठी तारीख, वेळ, स्थळ, जात आणि संख्या पुरेशी असते, आणि कावळ्या-साळुंक्यांची नोंदही दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीइतकीच मोलाची ठरते.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा 5 नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर हे जन्मदिन सांधून महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' पाळला जातो. त्या आठवड्यात रोज सकाळी पंधरा मिनिटे घरातील मुलासह अंगणात बसावे, दिसेल तो पक्षी त्याला दाखवावा आणि नोंद त्याच्याच हातून लिहून घ्यावी.