माझी जुनी मोटार

प्रत्येक मनुष्यास कांहीं ना कांहीं वेड असतें. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं. माझें वेड मात्र लपवून ठेवण्याजोगें नाहीं. तें शाळेच्या आवारांतील चिंचेखालीं रोज उभें असतें. फिकट निळ्या रंगाची, सन १९८४ सालची ती प्रीमिअर पद्मिनी मोटार पाहून पांचवींत नव्यानें आलेलीं मुलें दर वर्षीं विचारतात, "सर, ही चालते का?" मी त्यांस सांगत असें, "चालते. पण ती बोलते, आणि तें ऐकावें लागतें." या उत्तराचा मला फार अभिमान होता. त्याच उत्तरानें एकदां मला खालीं मान घालावयास लाविलें. ती हकीकत सांगण्यापूर्वीं या मोटारीची थोडी ओळख करून देणें जरूर आहे.

हिचें कूळ इटलीचें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटच्या परवान्यानें मोटारी तयार होऊं लागल्या. सन १९६४ मध्यें आलेली 'फियाट ११०० डिलाइट' हीच पुढें सन १९७४ पासून 'पद्मिनी' या नांवानें विकली जाऊं लागली. नांव बदललें, तरी लोक तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हटली कीं अनेक वर्षें हीच मोटार डोळ्यांपुढें येत असे. चालू शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. मुंबईत टॅक्सीस वीस वर्षांची मुदत असते, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. त्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून त्या शहराच्या रस्त्यांवरून कायमची गेली. त्या दिवशीं वर्तमानपत्र वाचून मी उठलों आणि चिंचेखालीं जाऊन आमच्या मोटारीवरचीं पानें झाडून आलों.

आमची मोटार माझ्या वडिलांनीं सन १९९२ मध्यें एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. वडील दवाखान्यांत कंपाउंडर होते. औषध थेंबाथेंबानें मोजण्याची संवय त्यांच्या हातांस होती, व त्याच हातांनीं त्यांनीं मला मोटारीची विद्या शिकविली. थंडीच्या सकाळीं चोकची कळ ओढावयाची. तिच्या योगानें कार्ब्युरेटरमधील हवेची वाट अरुंद होते, हवेच्या मानानें पेट्रोल अधिक जातें, व गारठलेलें इंजिन सुरू होतें. इंजिन तापत चाललें कीं कळ हळूहळू आंत सोडावयाची. किती सोडावयाची, तें कोठें लिहिलेलें नसतें. इंजिनाचा आवाज तें सांगतो. मे महिन्याच्या दुपारीं त्या काळच्या बहुतेक मोटारी कधीं ना कधीं रुसत. मग वडील न रागावतां उतरत, ओलें फडकें पेट्रोलच्या पंपावर ठेवीत, आणि झाडाच्या सावलींत बसून आम्हां भावंडांस शेंगदाणे वांटीत. उष्णतेनें नळींतील पेट्रोलची वाफ होते, ती पंपास नीट ओढतां येत नाहीं. पंप निवला कीं पेट्रोल पुन्हा वाहूं लागतें. पदार्थाच्या अवस्था मी पुढें पुस्तकांत वाचल्या. परंतु प्रथम पाहिल्या त्या रस्त्याच्या कडेला, वडिलांच्या शेजारीं बसून.

घरीं आतां एक नवी मोटारही आहे. ती माझी पत्नी चालविते. मागें एकदां तिच्यांत एक पिंवळा दिवा लागला, म्हणून आम्ही ती दुरुस्तीस नेली. तेथील तरुणानें एक यंत्र जोडलें, पडद्यावर आंकडा वाचला, एक डबी काढून दुसरी बसविली व पैसे घेतले. बिघाड काय होता, हें त्यानेंही डोळ्यांनीं पाहिलें नाहीं आणि मींही नाहीं. माझ्या मनांतील खंत ती हीच. जुन्या मोटारीचें कारण आणि कार्य दोन्हीं बॉनेट उघडतांच हातास लागतात. नव्या मोटारींत कार्य दिसतें, कारण मात्र बंद डबींत राहतें.

तथापि न्यायानें बोलावयाचें तर नव्या मोटारीचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुरांतील विषारी वायु निवळणारें उपकरण हें प्रमाण नेमकें राहिलें तरच नीट काम करतें. इतका नेमकेपणा कार्ब्युरेटरच्या हातून होत नाहीं. म्हणून तो गेला व त्याची जागा संगणकानें घेतली. सन २०२० च्या एप्रिलपासून आपल्या देशांत लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमांपुढें माझी मोटार उभीही राहूं शकणार नाहीं. चाकें घसरूं न देणारी ब्रेकची योजना व चालकापुढील हवेची पिशवी या गोष्टी सन २०१९ मध्यें नव्या मोटारींस सक्तीच्या झाल्या. माझ्या मोटारींत त्यांपैकीं कांहींच नाहीं. मागच्या बांकावर बांधावयास पट्टेही नाहींत. हें सर्व मला ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि ध्यानांत ठेवणें यांत किती अंतर आहे, तें मला पसरणीच्या घाटांत कळलें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. डिसेंबर महिन्यांत पांचगणीस वक्तृत्वस्पर्धा होती. आमच्या शाळेचे तीन विद्यार्थी निवडले गेले होते. पत्नी म्हणाली, "परक्यांचीं लेंकरें आहेत, नवी गाडी न्या." मी हंसून जुनीच काढली. ब्रेकचीं अस्तरें तपासून घ्यावयाचें मीं दोन महिने लांबणीवर टाकलें होतें, तेंही त्या क्षणीं सोईस्करपणें विसरलों.

स्पर्धेंत आमच्या एका मुलास दुसरें बक्षिस मिळालें. संध्याकाळीं आम्ही आनंदानें वांईकडे उतरूं लागलों. डाव्या हातास खोल कृष्णेचें खोरें व धोम धरणाचें पाणी दिसत होतें. मुलांनीं मोटारीविषयीं विचारलें, आणि मला जणुं व्यासपीठच मिळालें. यंत्रासही भाषा असते, चालकानें कान उघडे ठेवले पाहिजेत, हल्लींच्या मोटारी मुक्या झाल्या आहेत, असें माझें व्याख्यान रंगांत आलें. वडिलांचा नियम असा कीं, ज्या गिअरनें घाट चढलास त्याच गिअरनें उतर, म्हणजे इंजिनच मोटारीस आवरून धरतें. परंतु बोलण्याच्या भरांत मी तिसऱ्या गिअरमध्येंच राहून सारखा ब्रेक दाबीत होतों. एका वळणापूर्वीं पाय टाकला तों ब्रेकचें पेडल नेहमींहून पुष्कळ खालीं गेलें आणि मोटारीचा वेग कांहीं केल्या उतरेना.

पुढचे क्षण किती होते, हें सांगतां येणार नाहीं. सुकाणूजवळचा दांडा ओढून मीं दुसरा गिअर घातला, हातब्रेक खेंचला, आणि मोटार डोंगराच्या बाजूच्या चरांत घातली. ती मातीच्या कडेस घांसत जाऊन उभी राहिली. कोणास ओरखडाही आला नाहीं. मुलें उतरून रस्त्याच्या कडेस उभीं राहिलीं. बक्षिस मिळविलेला मुलगा थोड्या वेळानें म्हणाला, "सर, गाडी बोलते म्हणालात ना? मग आधीं का नाहीं बोलली?"

त्याच्या प्रश्नांत थट्टा नव्हती. त्यास खरोखरीच जाणून घ्यावयाचें होतें. मी चाकाजवळ बसलों. ब्रेकच्या ड्रममधून जळकट वास येत होता. आणि तो वास मला गेल्या दोन वळणांपासून येत होता, हें मला त्याच वेळीं आठवलें. ड्रम तापला कीं तो फुगून अस्तरांपासून दूर सरकतो व पेडल खालीं जाऊं लागतें. अस्तरांचें घर्षणही कमी होतें. म्हणजे मोटार बोलली होती. वासानें बोलली होती, पेडलनें बोलली होती. ऐकणारा स्वतःच बोलत होता. मीं मुलास सांगितलें, "बाळ, ती बोलली. मीं ऐकलें नाहीं."

अर्धा तास आम्ही तेथेंच थांबलों. ड्रम निवाल्यावर ब्रेक पुन्हा लागूं लागले. तरी मुलांस मीं मागून आलेल्या एस. टी.नें वांईस पाठविलें व रिकामी मोटार पहिल्या गिअरमध्यें खालीं आणली. रात्रीं तिन्ही घरीं जाऊन घडलें तें सांगितलें. एक माउली म्हणाली, "लेंकरूं सुखरूप आलें, तेवढें पुरे." दुसऱ्या एका मुलाचे वडील कांहीं बोलले नाहींत, आणि पुढें कित्येक महिने माझ्याशीं बोलले नाहींत. त्यांचें चुकलें असें मला वाटत नाहीं.

मोटार मीं विकली नाहीं. दर पांच वर्षांनीं तिची तपासणी होऊन नोंदणी वाढवून मिळते, तोंवर ती चिंचेखालीं राहील. शनिवारीं दुपारीं मुलें तिच्याभोंवतीं जमतात, कार्ब्युरेटर उघडतात, हात काळे करून घरीं जातात. इतकें शिक्षण मला फळ्यावर देतां आलेलें नाहीं. मात्र दुसऱ्याच्या मुलास घेऊन कोठें जावयाचें असेल तेव्हां मी नव्या मोटारीची किल्ली मागून घेतों. माझी आवड माझ्यापुरती आहे. तिची किंमत दुसऱ्याकडून घेण्याचा मला अधिकार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, जुन्या वस्तूवर प्रेम अवश्य करा, व ती कशी चालते तें शोधून काढा. पण जिची भाषा आपणांस कळते असें वाटतें, तिच्याजवळ विशेष जपून राहा. नवीं मुलें आजही विचारतात, "सर, ही चालते का?" मी आतां एवढेंच म्हणतों, "चालते. घाट उतरतांना मात्र माझ्याशीं कोणी बोलूं नका."