हाजिरजामीन

‘जामीन झाला’ म्हणजे आरोपी सुटला, असं आज बीडच्या कोर्टाच्या आवारात कोणीही सांगेल. जुन्या मराठीत हे वाक्य आरोपीबद्दल नसायचंच. त्याच्यासाठी दुसरा कोणी उभा राही, तो जामीन होई. मूळ अरबी शब्दही हमी घेणाऱ्या माणसाचाच. पुढे तो सुटकेला चिकटला आणि माणसासाठी ‘दार’ जोडून ‘जामीनदार’ घडवावा लागला. जुन्या व्यवहारात भेद स्वच्छ होता: हाजिरजामीन माणूस हजर करण्याची हमी घेई, मालजामीन पैशाची. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, कचेरीची भाषा उर्दू. पण ‘जामीन’ हा शब्द मराठवाड्यात घराच्या उंबऱ्यावरही भेटतो. प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर मुसलमान घरांत इमाम जामीन बांधतात. कापडात नाणं असतं, पण हमी नाण्याची नव्हे, इमामाची. नाणं तर सुखरूप पोचल्यावर दान होऊन जातं!

माझं म्हणणं एवढंच की फौजदारी कोर्टाला हवा असतो हाजिरजामीन, आणि कागद मागितले जातात मालजामिनाचे: सातबारा, ऐपतीचा दाखला. ज्या आरोपीने ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकातला फड गाठला, त्याचा भाऊही तिथेच असतो, आणि सातबारा असलाच तर गावात. शब्द बदलतात, व्युत्पत्तीने कायदा बांधला जात नाही, हे मान्य. आरोपी पळाला तर नुसत्या शब्दाचं काय करायचं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण पळणाऱ्याला कागद अडवत नाही. भाड्याचे जामीनदार आणि बनावट कागदपत्रं कोर्टांना नवी नाहीत. अडतो तो गरीब. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याच्या भावाचा जामीन, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून, नाकारला गेला होता. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कोरडे ओढले. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार न मिळालेला आरोपी निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावा, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीची. अजामीनपात्र गुन्ह्यांना ती लागू नाही. स्थानिक जामीनदाराची अट मात्र सुटकेला उशीर लावते, ती घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सुचवलं. निम्मं वर्ष परमुलखात काढणाऱ्यांच्या जिल्ह्यात ‘स्थानिक’ कोणाला म्हणायचं, हे ठरवणं अजून त्या त्या कोर्टाच्या हाती आहे.